चॅड्स फोर्डचा उतार: एका खोऱ्यातल्या दोन सहलींचं प्रकरण

“एवढी सपाट जमीन, नदीला लागून, हायवेला लागून, आणि अजून एनए (बिगरशेती) झाली नाही? ती कशी?”

संग्रहालयात शिरल्यावर बाबांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. भिंतीवर चित्रं होती, पण त्यांच्याकडे पाठ करून बाबा काचेतून खाली बघत होते. खाली ब्रँडीवाइन वाहत होती, पलीकडे कुरण, त्याच्या पलीकडे झाडी. बाबा वाईचे. सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, तलाठ्यापासून मंडल अधिकाऱ्यापर्यंत. जमीन दिसली की त्यांना आधी तिचा सातबारा दिसतो. “नंतर सांगते, चला, अजून दोन ठिकाणं राहिलीत,” असं म्हणून मी त्यांना पुढे काढलं.

ही जुलैतली गोष्ट. ऑक्टोबरात आम्ही त्याच जागी परत गेलो. कुटुंब तेच पाच जणांचं: आई-बाबा, मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. जुलैची सहल फसली आणि ऑक्टोबरची जमली. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांना कुठे न्यायचं, हा प्रश्न अमेरिकेतल्या निम्म्या मराठी घरांत असतो. आमच्या फसण्याचा आणि जमण्याचा हिशोब त्यांच्यासाठी मांडते आहे.

आधी जागेविषयी. चॅड्स फोर्ड हे फिलाडेल्फियाच्या नैर्ऋत्येला पंचवीस-तीस मैलांवरचं छोटं गाव आहे, पेन्सिल्व्हेनियात, पण डेलावेअरची हद्द जवळच. नदीचं नाव ब्रँडीवाइन क्रीक. ‘क्रीक’ म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांसमोर ठाण्याची खाडी आली. इथे क्रीक म्हणजे ओढा, फार तर लहान नदी. चेस्टर काउंटीच्या उत्तरेकडून तिच्या दोन शाखा येतात, लेनापी नावाच्या जागी मिळतात, मग एकच प्रवाह चॅड्स फोर्डवरून विल्मिंग्टनकडे जातो आणि क्रिस्टिना नदीतून डेलावेअर नदीला मिळतो. ‘फोर्ड’ म्हणजे नदीचा उतार. अठराव्या शतकात जॉन चॅड नावाचा माणूस इथे नाव चालवायचा, त्याचा हा उतार. त्याचं दगडी घर अजून उभं आहे.

नदीच्या काठाला १८६४ साली बांधलेली एक पीठगिरणी आहे, हॉफमनची गिरणी. तिच्यातच १९७१ पासून ब्रँडीवाइन कला संग्रहालय आहे. जुने जाड लाकडी वासे आणि तक्तपोशी तशीच ठेवली आहे आणि नदीकडच्या अंगाला काचेचा गोल मनोरा जोडला आहे. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी नदी दिसते.

जुलै: चार ठिकाणं, एक दिवस

आम्ही एक्स्टनला राहतो, तिथून चॅड्स फोर्ड अर्ध्या तासावर. जवळ आहे म्हणूनच बेत बिघडला. सगळं पाच-सात मैलांत आहे तर सगळंच उरकू, असा हिशोब. सकाळी लाँगवुड गार्डन्स, दुपारी संग्रहालय, मग ब्रँडीवाइनचं रणांगण, जमलं तर विंटरथर, म्हणजे जुन्या फर्निचरचं वाड्यातलं संग्रहालय. कंपनीच्या टूरवाले आठ दिवसांत सात देश करतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त बस आमच्या घरची होती.

लाँगवुड हजारभर एकरांचं आहे. उद्योगपती पिअर ड्यू पाँट यांनी १९०६ साली ही जागा घेतली ती बागेसाठी नाही, झाडं वाचवण्यासाठी. पीअर्स नावाच्या क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) घराण्याने तिथे शंभर वर्षांपूर्वीपासून झाडं जोपासली होती आणि ती तोडली जाणार होती. आज तिथे काचघरं आहेत, कारंजी आहेत, आणि उन्हाळ्यात कमळतळ्यात व्हिक्टोरिया नावाच्या कमळाची परातीएवढी, काठ वर वळलेली पानं असतात. आई तिथून हलायला तयार नव्हती. जुलैचं दमट ऊन, बाबांचा गुडघा, आणि माझं घड्याळ. अकरा वाजता निघायचं होतं, दीड वाजला.

संग्रहालयाला चाळीस मिनिटं मिळाली. रणांगणावर आम्ही गाडीतून उतरलोच नाही. विंटरथरला पोचलो तेव्हा बंद व्हायची वेळ जवळ आली होती. त्या घरात पावणेदोनशे खोल्या आहेत. त्यांतली एकही आम्ही पाहिली नाही. परतताना गाडीत कोणी बोलत नव्हतं. रात्री आईने फोनवर मावशीला सांगितलं, “बाग छान होती. मग एक गिरणी पाहिली.”

एक गिरणी! मला हसू आलं आणि थोडं लागलंही. पण तिने खोटं काही सांगितलं नव्हतं. मी तिला गिरणीच दाखवली होती.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ते शोधायला मी त्यानंतरचे काही आठवडे घालवले, आणि दुसऱ्या सहलीचा बेत त्यातूनच निघाला.

१९६७ साली या नदीकाठच्या कुरणात, म्हणजे थेट पुराच्या पट्ट्यात, कारखाना येऊ घातला होता. आजूबाजूच्या काही रहिवाशांनी एकत्र येऊन ती जमीनच विकत घेतली. त्यांचा पुढारी जॉर्ज वेमथ, सगळे त्यांना ‘फ्रॉलिक’ म्हणत. ते स्वतः चित्रकार होते, आईकडून ड्यू पाँट घराण्यातले, आणि घोड्यांच्या बग्ग्या हाकण्याचे शौकीन. २०१६ साली ते गेले. त्या खरेदीतून ब्रँडीवाइन कन्झर्व्हन्सी ही संस्था उभी राहिली आणि चार वर्षांनी तिने गिरणीत संग्रहालय उघडलं. आधी जमीन, मग चित्रं, असा क्रम. बहुतेक संग्रहालयांच्या बाबतीत कोणाचा तरी संग्रह असतो आणि त्याला घर हवं असतं. इथे आधी नदी वाचवायची होती. तिची चित्रं काढणारं एक घराणं, वायथ, शेजारीच राहत होतं, म्हणून दोन्ही कामं एकाच संस्थेकडे आली.

जमीन वाचवायची ही युक्ती बाबांना समजावून सांगताना मजा आली. तिला ‘ईझमेंट’ म्हणतात. जमीन मालकाचीच राहते, तो ती कसतो, विकतो, मुलांना देतो. फक्त तिच्यावर प्लॉट पाडायचा, बांधकाम करायचा हक्क तो संस्थेला कायमचा देऊन टाकतो. बदल्यात करात सवलत मिळू शकते. जमीन कितीही हातांतून गेली तरी ही अट तिच्याबरोबर जाते.

“म्हणजे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कायमचा शेरा,” बाबा म्हणाले. “हे शेत कधीही एनए होणार नाही.”

“तेच.”

“आणि मालकाने स्वतःहून लिहून दिलं?” यावर मात्र त्यांचा बराच वेळ विश्वास बसला नाही.

१९६९ मध्ये पहिल्या फेरीतच नदीच्या काठाचे साडेपाच मैल अशा करारांखाली आले. आज पेन्सिल्व्हेनिया आणि डेलावेअर मिळून सत्तर हजार एकरांहून अधिक जमीन या संस्थेच्या मदतीने राखली गेली आहे. त्यात टेक्सासच्या किंग रँचची एके काळची गुरं चारायची पाच हजार एकरांची कुरणंही आली.

एक खुपणारी गोष्टही सांगते. हे खोरं पैशाचं आहे. शेरा मारून घेणं ज्याला परवडतं तोच मारून घेतो, आणि एकदा आजूबाजूला घरं होणारच नाहीत असं ठरलं की असलेल्या घरांच्या किमती कुठे जातात ते सांगायला नको. त्याच्याही आधी हे सगळं इथले मूळ रहिवासी लेनापी लोकांचं खोरं होतं. त्यांची नावं आता रस्त्यांना आणि फलकांना उरली आहेत. कुरण सुंदर दिसतं हे खरं, पण कोणासाठी राखलं हा प्रश्न त्या कुरणाबरोबर येतोच.

पाणी

बाबांचा पुढचा प्रश्न ओघानेच आला: “पूररेषा कुठे आहे?” आपल्याकडे नदीकाठच्या नकाशावर निळी रेषा आणि लाल रेषा असते. कृष्णाकाठच्या माणसाला ती पाठ असते, विशेषतः २०१९ च्या महापुरानंतर.

गिरणी म्हटल्यावर ती पाण्याच्या कडेलाच असणार. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा उरलेला पाऊस इथे कोसळला आणि दुसऱ्या दिवशी चॅड्स फोर्डच्या मोजपट्टीवर ब्रँडीवाइन २१ फुटांवर गेली. इथल्या नोंदी १९११ पासूनच्या आहेत, आणि त्यातला आधीचा उच्चांक १७ फुटांच्या आसपासचा, १९९९ मधल्या फ्लॉइड वादळाचा. संग्रहालयाच्या तळमजल्यात पाणी भरलं, यंत्रसामग्री आणि व्याख्यानाचा हॉल गेला, नुकसान लाखो डॉलरांचं झालं. चित्रांना मात्र धक्का लागला नाही. ती वरच्या मजल्यांवर होती, कारण मुळात ही इमारत संग्रहालय म्हणून सजवतानाच नदी आत येणार हे धरलेलं होतं.

“एकवीस फूट?” बाबा म्हणाले. “सांगलीला आयर्विन पुलापाशी सत्तावन्न झाले होते.”

हा सामना बरोबरीचा नाही, आणि बाबांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. प्रत्येक मोजपट्टीचं शून्य वेगळं असतं. इथले फूट आणि तिथले फूट शेजारी ठेवून काही कळत नाही. कळतं ते त्याच पट्टीवरच्या जुन्या आकड्याशी ताडल्यावर. सतरावरून एकवीस म्हणजे त्या खोऱ्यासाठी भयंकर. वरच्या अंगाला वस्त्या, दुकानं, डांबर वाढलं की पाणी मुरत नाही, धावतच खाली येतं. म्हणून काठची कुरणं मोकळी ठेवायची. नदीला पसरायला तीच जागा. १९६७ साली तिथे कारखाना आला असता, तर २०२१ साली त्याचं काय झालं असतं याचं गणित बाबांनी तिथल्या तिथे मांडलं. मी ते इथे लिहीत नाही, त्यात पंचनाम्याचे तपशील फार आहेत.

फिरायला जाणाऱ्यांसाठी यातली कामाची गोष्ट अशी, की ही मोजपट्टी इंटरनेटवर कोणालाही बघता येते. वरच्या अंगाला मोठा पाऊस होऊन गेला असेल तर पायवाटेवर किंवा पाण्यात उतरण्याआधी ती बघावी. चॅड्स फोर्डला ऊन पडलेलं असतं आणि पाणी मात्र चढत असतं.

ऑक्टोबर: एकच मैल

दुसऱ्या खेपेला मी एकच नियम केला. गाडी सकाळी संग्रहालयाच्या वाहनतळावर लावायची आणि दुपारचा डबा खाईपर्यंत तिला हात लावायचा नाही. आणि चित्रं शेवटी बघायची.

संग्रहालयाची छोटी बस चित्रकारांच्या तीन जागा दाखवायला नेते: एन. सी. वायथ यांचं घर आणि स्टुडिओ, त्यांचा मुलगा अँड्र्यू वायथ यांचा स्टुडिओ, आणि कर्नर यांचं शेत. थंडीत या फेऱ्या बंद असतात आणि बसमध्ये जागा मोजक्या असतात, तेव्हा तिकीट आधी काढलेलं बरं. आम्ही बाबांच्या गुडघ्याकडे बघून एकच निवडलं: शेत.

थोडं घराण्याविषयी. हॉवर्ड पाइल हे विल्मिंग्टनचे मोठे चित्रकार. पुस्तकांसाठी, मासिकांसाठी चित्रं काढत. १८९८ पासून काही वर्षं उन्हाळ्यात ते आपले विद्यार्थी घेऊन चॅड्स फोर्डला यायचे. त्यांच्याकडे शिकायला १९०२ साली मॅसॅच्युसेट्सहून एन. सी. वायथ आले ते इथलेच झाले. १९११ साली त्यांनी ‘ट्रेझर आयलंड’साठी चित्रं काढली आणि त्या पैशातून इथे अठरा एकर जमीन घेऊन घर बांधलं. १९४५ च्या ऑक्टोबरात गावाजवळच्या रेल्वे फाटकावर त्यांची गाडी रुळांवर अडकली आणि आगगाडीखाली ते आणि त्यांचा लहानगा नातू दोघे गेले. ते फाटक कर्नरांच्या शेताजवळ आहे.

कार्ल कर्नर जर्मन. पहिल्या महायुद्धात मशिनगनवर होते, नंतर स्थलांतरित होऊन इथे शेतकरी झाले. अँड्र्यू वायथ लहानपणापासून त्यांच्या शेतात हिंडायचे आणि पुढे सत्तरेक वर्षं तिथे जात राहिले. या एका शेतावर त्यांनी जवळपास हजार चित्रं काढली. वडील गेल्यावर काढलेल्या एका चित्रात शेतामागच्या टेकडीवरून एक मुलगा धडपडत खाली धावतो आहे. टेकडीच्या पलीकडे ते फाटक. वडिलांचं व्यक्तिचित्र कधी काढलं नाही याची चुटपुट अँड्र्यू यांना होती, आणि ती टेकडीच त्यांच्यासाठी वडिलांचं चित्र झाली, असं ते सांगत.

आम्ही त्या टेकडीच्या पायथ्याशी उभे होतो. गवत वाळलेलं, आकाश राखाडी, पांढरं घर, कोठार. बस्स. लेक म्हणाली, “यात बघायचं काय?” रास्त प्रश्न होता. बघायला खरंच काही नव्हतं. आई मात्र कोठारातल्या पाण्याच्या आवाजाकडे गेली. झऱ्याचं पाणी दगडी कुंडात पडत होतं. बाबा कुंपणाच्या खांबांवरून हात फिरवत होते.

मग गिरणीत आलो आणि वर गेलो. कर्नर शेतावरची जी काही चित्रं तेव्हा मांडलेली होती, त्यांतल्या एकापुढे आई थांबली. पाटी न वाचता म्हणाली, “ही मघाचीच टेकडी.” पुढच्या चित्रापुढे: “आणि हे ते पाण्याचं कुंड.” जुलैत चाळीस मिनिटं कंटाळलेली बाई ऑक्टोबरात दीड तास त्या एका दालनात होती. मघाशी जिथे बघायला काही नव्हतं, तिथे एक माणूस सत्तर वर्षं काय बघत होता, हे ती शोधत होती.

अँड्र्यू वायथ टेम्परा वापरत. कोरडी रंगपूड, पाणी आणि अंड्याचा पिवळा बलक. आई शाकाहारी. “अंडं? भिंतीवर?” पण तंत्र कळल्यावर तिला ते रांगोळीसारखं वाटलं. हा रंग पटकन वाळतो, तेलरंगासारखा फासता येत नाही. बारीक कुंचल्याने रेघेला रेघ लावत, थरावर थर चढवत जायचं. एकेका चित्राला महिने लागतात. त्यामुळे वाळलेल्या गवताची काडी न् काडी सुटी दिसते. त्यांना थंडीतली आणि पानगळीतली जमीनच आवडायची, तेव्हा तिची हाडं दिसतात असं ते म्हणत. बाबांना या चित्रांतला तपकिरी रंग परका वाटला नाही. मार्च-एप्रिलमधला आपला माळ डोळ्यांत भरलेल्या माणसाला तो कळतो.

लेकीला काय आवडलं? डुक्कर. अँड्र्यू यांचे चिरंजीव जेमी वायथ यांनी १९७० साली एका डुकरिणीचं जवळजवळ खऱ्या मापाचं चित्र काढलं, ते या संग्रहालयात आहे. चित्र चालू असताना तिने त्यांच्या रंगाच्या ट्यूबा खाल्ल्या, ती मरणार असं त्यांना वाटलं, पण काही झालं नाही, फक्त पुढे काही दिवस शेण रंगीबेरंगी पडलं, ही गोष्ट जेमी स्वतः सांगत आले आहेत. लेकीने ती शाळेत सांगितली. बाहेरच्या अंगणात ब्राँझची गाय आणि डुक्कर आहे. त्यांवर पोरं बसलेली असतात आणि त्यांना कोणी हटकत नाही.

डबा नदीकाठी बसून खाल्ला. आत कॅफे आहे आणि खिडकीतून नदी दिसते, पण शाकाहाऱ्याला तिथे निवड थोडी. पोळ्या, बटाट्याची भाजी, तक्कू.

संध्याकाळच्या आत नदीकाठची पायवाट केली. संग्रहालयापासून जॉन चॅडच्या घरापर्यंत सुमारे मैलभर. हायवेच्या पुलाखालून वाट जाते, पुढे ओलसर जमिनीवर लाकडी फळ्यांचा पूल टाकला आहे. काठाला सायकामोरची झाडं, साल सोललेली, पांढऱ्या बुंध्यांची; अंधारात ती माणसांसारखी उभी दिसतील. एप्रिलमध्ये या काठाला निळ्या फुलांचा गालिचा असतो, ऑक्टोबरात मिळाले अॅस्टर आणि शेवटचा गोल्डनरॉड. पाण्यात एक मोठा निळसर बगळा होता, आपल्या राखी बगळ्याचा सख्खा चुलतभाऊ. सपाट वाट म्हणून बाबांचा गुडघा टिकला.

दोन सूचना, कारण आम्ही दुसरी कष्टाने शिकलो. तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही इथे सर्वत्र आहे. ‘तीन पानं दिसली की हात मागे’ हे पोरांना पढवावं. आणि गोचीड. पेन्सिल्व्हेनियात हरणांच्या गोचिडीमुळे होणारा लाइम आजार भरपूर आहे. मोजे पँटवर ओढावेत, गवतात शिरू नये आणि घरी आल्यावर कानामागे, गुडघ्यामागे तपासावं. लेकीच्या पोटरीवर एक सापडली. चिमट्याने सरळ वर ओढून काढली, चावलेली जागा महिनाभर बघत राहिलो. काही झालं नाही. पण ती रात्र झोपेची नव्हती.

कॉर्नवॉलिस

रविवारी रणांगण. गिरणीपासून मैलभरावर. पन्नासेक एकरांचं उद्यान आहे, पण खरी लढाई त्याच्या कितीतरी पलीकडे पसरली होती. ११ सप्टेंबर १७७७. फिलाडेल्फियाकडे येणाऱ्या इंग्रजांना जॉर्ज वॉशिंग्टन यांनी चॅड्स फोर्डच्या उतारावर अडवायचं ठरवलं. सकाळी धुकं होतं. इंग्रजांची एक फौज समोर येऊन गोळीबार करत राहिली, आणि मोठी फौज वरच्या अंगाचे दोन उतार ओलांडून, सतरा मैलांचा वळसा घालून वॉशिंग्टन यांच्या बगलेवर आली. त्या फौजेच्या पुढे होता लॉर्ड कॉर्नवॉलिस. दोन आठवड्यांत फिलाडेल्फिया पडलं.

हे नाव ऐकून बाबा बाकावरून उठले. “आपला कॉर्नवॉलिस?”

आपलाच. १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला शरण गेला आणि पाचच वर्षांत हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल म्हणून आला. टिपूविरुद्ध त्याने पेशव्यांशी करार केला, म्हणजे खरं तर नाना फडणवीसांशी. १७९१ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणच्या दाराशी पोचून त्याला माघार घ्यावी लागली. बैल मेले होते, दाणागोटा संपला होता, मोठ्या तोफा स्वतःच निकामी करून टाकल्या होत्या. उपाशी फौज मागे फिरली तेव्हा मेलकोट्याजवळ समोर घोडेस्वार दिसले. टिपूचे असावेत म्हणून इंग्रज घाबरले. ते होते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन, मागे भरलेला मराठी बाजार घेऊन. इंग्रजांनी तिथे चढ्या भावाने धान्य घेतलं आणि फौज वाचली.

नानांचा वाडा मेणवलीला, वाईपासून दोन कोसही नाही. बाबांचं लहानपण त्या घाटावर गेलेलं. चॅड्स फोर्डच्या उतारावर उभं राहून त्यांनी लेकीला मेलकोट्याचा बाजार सांगितला, अर्धा मराठीत, अर्धा हातवारे करून. शेजारी एक अमेरिकन कुटुंब होतं. त्यांनाही मग इंग्रजीत सांगावा लागला.

या उद्यानात गिडियन गिल्पिन यांचं जुनं घर आहे आणि त्याच्या शेजारी एक प्रचंड सायकामोर. अँड्र्यू वायथ यांनी १९४२ साली एका मोठ्या निसर्गचित्राच्या मधोमध तेच झाड उभं केलं. मी फोनवर चित्र काढून बाबांना दिलं. त्यांनी फोन झाडासमोर धरून फांद्या ताडून बघितल्या.

बाकीचं, घाईत

लाँगवुडला अख्खा दिवस द्या, वेगळा. विंटरथरही तसंच, जुन्या अमेरिकन फर्निचरची आवड असेल तर. नसेल तर फक्त बाहेरचं रान.

हॅगलीला जरूर जा. १८०२ साली ड्यू पाँट यांनी ब्रँडीवाइनच्या पाण्यावर बंदुकीच्या दारूच्या गिरण्या चालू केल्या त्या इथे, विल्मिंग्टनजवळ. प्रत्येक गिरणीला तीन बाजूंनी जाड दगडी भिंती, नदीच्या बाजूला मात्र हलकी भिंत आणि हलकं छप्पर. स्फोट झाला तर तो नदीकडे उडावा, शेजारच्या गिरणीकडे नको. झालेही, पुष्कळ माणसं गेली. दारूला लागणारा सोरा येत असे आपल्याकडून, बहुतेक बिहारचा. १८६१ मध्ये यादवी युद्धासाठी सोरा मिळवायला लामॉ ड्यू पाँट यांना लंडन गाठावं लागलं, कारण मालाची नाडी इंग्रजांच्या हातात होती.

जवळच्या केनेट स्क्वेअर गावाला पोचण्याआधी वास येतो. अमेरिकेतली निम्म्याहून अधिक अळंबी या भागात पिकते, आणि तिचं खत बनतं घोड्यांच्या तबेल्यातलं गवत, कोंबडीखत आणि मक्याची कणसं कुजवून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्वेकर फुलवाल्यांनी काचघरातल्या बाकांखालची मोकळी जागा वाया जाऊ नये म्हणून हे पीक सुरू केलं. तोडणीची कामं आज बहुतांशी मेक्सिकोहून आलेली माणसं करतात. गावातले टाको त्यांच्यामुळे अव्वल आहेत. “आमच्याकडे पहिल्या पावसानंतर वारुळावर येते, दोन दिवसांत संपते,” आई म्हणाली, आणि दोन पेट्या घेतल्या. रस्सा झाला.

पाण्यात उतरायचं असेल तर ते उन्हाळ्यातलं काम. चॅड्स फोर्डच्या वरच्या अंगाला ट्यूब आणि कनू भाड्याने मिळतात, प्रवाह संथ, बऱ्याच ठिकाणी कमरेएवढाच. नवरा आणि लेक ऑगस्टमध्ये जाऊन आले. खाली डेलावेअरच्या बाजूला जुने बुटके बंधारे आहेत, त्यांच्यापासून लांब राहायचं. दिसायला ते गमतीचे, पण खाली पाणी गोल फिरत राहतं आणि पोहणाऱ्याला सोडत नाही. त्यातला एक विल्मिंग्टनमध्ये २०१९ साली काढून टाकला, शॅड मासा पुन्हा वर चढावा म्हणून. शॅड म्हणजे आपल्या हिलशाच्या कुळातला.

आई-बाबा नोव्हेंबरात परत गेले. जूनमध्ये फोन आला. तब्येत, पाऊस, कोणाचं लग्न हे झाल्यावर बाबा म्हणाले, “तुमच्या ओढ्याला पाणी किती?” मी लॅपटॉप उघडून चॅड्स फोर्डची मोजपट्टी वाचून दाखवली. त्यांनी तिकडे आकडा लिहून घेतल्याचा आवाज आला. मग धोम धरणाचे दरवाजे अजून उघडले नाहीत, पण ढोल्या गणपतीची पहिली पायरी काल ओली झाली, असं सांगितलं.